घर पाहावें चित्रांत

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण प्रत्येक मराठी घरांत ऐकूं येते. ह्या दोन कार्यांतील श्रम, खर्च आणि मनस्ताप स्वतः अनुभवल्यावांचून कळत नाहींत, असा तिचा भावार्थ. लग्नाविषयीं येथें कांहीं बोलावयाचें नाहीं. घराच्या बाबतींत मात्र ह्या म्हणीला एक पुरवणी जोडण्याचा काळ आला आहे. घर बांधण्यापूर्वीं, किंवा बांधलेल्या घराचें बाह्यरूप पालटण्यापूर्वीं, तें आतां चित्रांत पाहतां येतें. आणि नीट पाहिलें तर मागाहून होणारा पुष्कळसा पश्चात्ताप टळतो. “नीट पाहिलें तर” ही अट मात्र महत्त्वाची आहे. चित्र जसें डोळे उघडतें, तसें तें डोळ्यांवर पट्टीहि बांधूं शकतें.

अंगरखा अंगाला बसला नाहीं, तर तो शिंप्याकडे परत नेतां येतो. भिंतीवर सिमेंटनें बसविलेला दगड परत नेतां येत नाहीं. रंग मनास आला नाहीं, तरी तो कित्येक वर्षें रोज पाहावा लागतो. शिवाय घराची दर्शनी बाजू ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. पैसे घरधनी देतो. पण तो बहुधा घराच्या आंत असतो, आणि ती बाजू दिसते ती समोरच्या शेजाऱ्याला व रस्त्यानें जाणाऱ्याला. म्हणून तिचा निर्णय करणाऱ्यानें प्रथम रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभें राहिलें पाहिजे. छायाचित्र आणि संगणक हीं साधनें त्याला तेथें उभें करतात.

एक उदाहरण कल्पावें. पुण्यांतील एका जुन्या वसाहतींत सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं बांधलेलें एक दुमजली घर आहे. तोंड दक्षिणेकडे, समोर रस्ता. गिलाव्याला बारीक तडे गेले आहेत. गच्चीच्या कठड्याखालून पावसाच्या पाण्याचे काळे ओघळ भिंतीवर उतरले आहेत. खिडक्यांवरचे छज्जे आंखूड आहेत. पश्चिमेच्या अंगाला, फाटकाजवळ, पारिजातकाचें झाड आहे. घरांत आजी, तिचा सेवानिवृत्त मुलगा, नातू आणि नातसून अशीं माणसें राहतात. बाहेरच्या कामासाठीं शिलकीतून एक रक्कम बाजूला काढलेली आहे; ती एकदांच खर्च करतां येईल, दुसऱ्यांदां नाहीं. नातवानें मोबाइलवर घराचा फोटो काढून एका सॉफ्टवेअरकडून त्याचें नवें रूप करून घेतलें आहे : भिंतींना करड्या दगडाचें अस्तर, मोठालीं कांचेचीं तावदानें, समोर हिरवळ. तें पाहून सर्वांचे डोळे दिपतात. आजी मात्र चष्मा पुसून चित्राकडे पुन्हां पाहते आणि विचारते, “अरे बाळा, गच्चीवरचा नळ कुठें गेला? आणि माझा पारिजातक?”

नातू हंसून म्हणतो, “आजी, हें नुसतें चित्र आहे ग.” त्याचें म्हणणें खरें आहे. पण त्या नुसत्या चित्रावरून घरची सारी शिल्लक खर्ची पडणार आहे. म्हणून आजीचे दोन प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत.

असेच प्रश्न ह्या कलेच्या जन्मापासून तिच्या मागें लागले आहेत. ही कला संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. तिचें एक मूळ शोधूं गेल्यास सुमारें सवादोनशें वर्षें मागें, इंग्लंडांत जावें लागतें. हंफ्री रेप्टन नांवाच्या गृहस्थानें १७८८ मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, जमीनदारांच्या वाड्यांभोंवतालचीं उद्यानें रचण्याचा व्यवसाय सुरू केला. तो जागा पाहून येई, जलरंगांत तिचीं चित्रें काढी आणि आपल्या सूचनांसह त्यांची एक हस्तलिखित वही बांधून मालकाच्या हातीं देई. ह्या वह्या बहुधा लाल चामड्यांत बांधलेल्या असत, म्हणून त्या “लाल वह्या” ह्या नांवानें प्रसिद्ध झाल्या. त्यांतील युक्ति मोठी मार्मिक होती. चित्राच्या कांहीं भागावर कागदाचा एक तुकडा एका कडेनें चिकटविलेला असे. त्या तुकड्यावर जागेची सध्यांची स्थिति रंगविलेली असे. तो उचलला कीं खालीं सुचविलेली स्थिति दिसे. चौकट तीच, पाहणाऱ्याचें स्थान तेंच; बदललेली गोष्ट तेवढी वेगळी. तुलना करावयाची तर अशीच करावी, हें रेप्टननें नेमकें ओळखलें होतें.

पण त्याच्यावर टीकाहि झाली. विल्यम मेसन ह्या समकालीन कवीनें अशी तक्रार केली कीं, हा मनुष्य कागदावर स्थळें इतकीं मनोहर करतो कीं, त्यानें काढलेलीं झाडें अगदीं तशींच उगवतील असा भल्या लोकांचा समज होतो. तक्रार रास्त होती. ओकवृक्षाला चित्रांत मोठें होण्यास एक दिवस लागतो आणि जमिनींत एक पिढी.

रेप्टनचें आणखी एक चित्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें एसेक्समधील आपल्या स्वतःच्या छोट्या घरासमोरचा देखावा दिला. कागद मिटलेला असतां समोर गांवचा रस्ता, मांस टांगलेलें खाटकाचें दुकान आणि कुंपणाशीं उभा असलेला एक अपंग भिकारी दिसतो. कागद उचलला कीं कुंपण पुढें सरकलेलें असतें, त्यावर झाडें व फुलें आलेलीं असतात. दुकान झांकलें जातें आणि भिकारी नाहींसा होतो. देखावा सुंदर झाला, ह्यांत शंका नाहीं. परंतु भिकाऱ्याचें दारिद्र्य तसेंच राहिलें. तो केवळ चित्राबाहेर गेला. घराचें नवें चित्र पाहतांना त्यांत काय आणलें आहे, इतकेंच पाहून भागत नाहीं. त्यांतून काय काढून टाकलें आहे, हेंहि पाहावें लागतें. आजीनें विचारलें तें हेंच.

रेप्टनच्या हातीं कुंचला होता. मोजमापाची खात्री नव्हती. ती छायाचित्रानें दिली. १८५८ मध्यें आल्ब्रेख्ट मायडेनबावर नांवाचा एक तरुण जर्मन स्थापत्यकार वेट्झलार येथील मोठ्या चर्चचीं मापें घेत असतां उंचावरून पडतां पडतां वांचला. त्या प्रसंगावरून त्याच्या मनांत विचार आला कीं, इमारतीवर चढण्याऐवजीं तिचें छायाचित्र घेऊन त्यावरून मापें कां काढूं नयेत? भिंग प्रकाशाचे किरण सरळ रेषेंत आणतें. तेव्हां भूमितीचे नियम लावून चित्रावरून मूळ वस्तूचें परिमाण काढतां आलें पाहिजे. त्यानें ती विद्या सिद्ध केली, आणि १८८५ मध्यें बर्लिन येथें इमारतींच्या अशा मोजणीसाठीं त्याच्या नेतृत्वाखालीं एक सरकारी संस्था स्थापन झाली. आज नातवाच्या खिशांतील मोबाइलमध्यें रेप्टनचा उघडझाप करणारा कागद आणि मायडेनबावरची मोजपट्टी हीं दोन्ही साधनें एकत्र आलीं आहेत. पहिल्याचा उपयोग सर्वजण करतात. दुसऱ्याचा उपयोग फार थोडे करतात.

पहिली पायरी म्हणजे चांगला फोटो. घराच्या पायथ्याशीं उभें राहून मोबाइल वर करून फोटो काढला, तर भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. घर तर सरळ उभें असतें. मग असें कां होतें? कॅमेऱ्याचें तोंड वर केल्यानें त्याच्या आंतील चित्रपटल भिंतीशीं समांतर राहत नाहीं, आणि दूरचा वरचा भाग लहान दिसतो. म्हणून शक्य तितकें लांब, रस्त्याच्या पलीकडे, समोरच्याच्या परवानगीनें त्याच्या पहिल्या मजल्यावर उभें राहावें आणि कॅमेरा आडवा-उभा कोठेंहि न कलवितां धरावा. थोडा कल राहिलाच, तर सॉफ्टवेअरमध्यें उभ्या रेषा सरळ करण्याची सोय असते. जवळून फार रुंद दृश्य घेणारें भिंग वापरूं नये. त्यानें कडेच्या वस्तु ताणल्या जातात.

प्रकाशहि पाहून घ्यावा. कडक उन्हांत छज्ज्यांच्या सावल्या काळ्या पडतात आणि त्यांखालील भिंत दिसेनाशी होते. ढगाळ दिवस, किंवा समोरच्या भिंतीवर थेट ऊन नसेल अशी वेळ बरी. एक फोटो समोरून घ्यावा, एक कोपऱ्यावरून दोन भिंती दिसतील असा, आणि एक दोन्ही बाजूंचीं शेजारचीं घरें येतील असा. ह्यांखेरीज एक फोटो भर पावसांत घ्यावा. कोरड्या दिवसांत जें घर लपवितें, तें पावसाळ्यांत उघडें पडतें : पाणी कोठून ओघळतें, कोणता कोपरा ओलावतो, कोणत्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठीं ठेवावयाची खांच राहून गेली आहे, हें सर्व त्यांत दिसतें. शेवटीं दाराची उंची टेपानें मोजून कागदावर लिहून ठेवावी. हें एक माप पुढें फार कामीं येतें.

दुसरी पायरी संगणकाची. चित्रांवर काम करणारीं पुष्कळ सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉप हें १९९० पासून प्रसिद्ध आहे, आणि गिंप हें विनामूल्य मिळतें. ह्या सर्वांचें मर्म एकच : थर. श्रोत्यांनीं असें समजावें कीं, मूळ फोटोवर पारदर्शक कागद एकावर एक ठेवले आहेत. एकावर केवळ भिंतीचा रंग, दुसऱ्यावर नवे छज्जे, तिसऱ्यावर फाटक. कोणताहि कागद काढला किंवा ठेवला, तरी खालचा फोटो अबाधित राहतो. रेप्टनची युक्ति हीच. फक्त त्याच्या एका कागदाचे येथें हवे तितके कागद झाले. ज्यांना संगणक नकोसा वाटतो, त्यांनीं फोटो मोठा छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि रंगीत पेन्सिलींनीं काम करावें. शिकण्यासाठीं ती रीत मुळींच हलकी नाहीं.

भिंतीचा भाग निवडून त्यावर नवा रंग सपाट ओतला, तर घर पुठ्ठ्याचें दिसतें. कारण भिंतीवरील ऊन-सावली त्या रंगाखालीं पुरली जाते. ह्यावर उपाय गुणाकाराचा आहे, आणि सॉफ्टवेअरमध्यें तो “मल्टिप्लाय” ह्या नांवानें असतो. पांढऱ्या भिंतीचा उन्हांतला भाग शंभरांपैकीं ८० भाग उजळ आणि सावलींतला ४० भाग उजळ आहे असें धरावें. नवा रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं निम्मा परत पाठविणारा असेल, तर ते भाग अनुक्रमें ४० आणि २० होतील. दोन्ही मंद झाले. परंतु त्यांचें परस्पर प्रमाण पूर्वींचेंच राहिलें. ह्या प्रमाणामुळेंच डोळ्याला तेथें खरी भिंत आहे असें वाटतें. मात्र मूळची भिंत गडद रंगाची असेल, तर हा गुणाकार फसवितो. अशा वेळीं फोटोंतील भिंत आधीं फिकट करड्या छटेवर आणावी आणि मग तिच्यावर रंग चढवावा.

तरीहि पडद्यावरचा रंग म्हणजे भिंतीवरचा रंग नव्हे. पडदा स्वतः प्रकाश टाकतो; भिंत उसना प्रकाश परत देते. शिवाय प्रत्येक रंग शेजारच्या रंगामुळें वेगळा भासतो. पॅरिस येथील गोबलाँ कारखान्यांत रंगाईच्या विभागाचे प्रमुख असलेले शेव्हरल ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं १८३९ मध्यें ह्याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. कांहीं रंगांविषयीं तक्रारी येत, त्या त्यांनीं तपासून पाहिल्या; दोष रंगांत नव्हता, शेजारीं विणलेल्या रंगाच्या संगतींत होता. घराचेंहि तसेंच आहे. शेजारचें घर पिवळें असेल, तर पांढऱ्या भिंतीला निळसर झांक आल्यासारखी वाटते. म्हणून चित्रावरून दोन-तीन रंग निवडावे. अखेरची निवड मात्र भिंतीवर करावी. प्रत्येक रंगाचा मीटरभर लांब व मीटरभर रुंद असा पट्टा एका उन्हाच्या आणि एका सावलीच्या भिंतीवर लावावा, आणि सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं पाहावा. थोडा रंग खर्च होतो. पण सबंध घराच्या रंगापुढें तो कांहींच नव्हे.

आतां मोजपट्टीकडे वळावें. दाराची उंची २.१ मीटर आहे आणि सरळ केलेल्या फोटोंत तें दार ४२० ठिपक्यांचें आहे, असें समजल्यास प्रत्येक ठिपका भिंतीवरील ५ मिलिमीटरांबरोबर होतो. त्याच भिंतीच्या पातळींतील कोणतेंहि अंतर ह्या हिशेबानें काढतां येतें. ह्या मापानें चित्रांतील लबाडीहि पकडतां येते. भारतीय मानकांतील प्रमाणित वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद आणि ९ उंच असते. चुन्या-सिमेंटचा सांधा धरून एक थर १० सेंटिमीटरांचा होतो. म्हणजे तीन मीटर उंचीच्या मजल्यांत विटांचे ३० थर दिसले पाहिजेत. चित्रांत तेथें तेराच थर असतील, तर ती वीट सांध्यासह सुमारें २३ सेंटिमीटर उंच झाली. अशी वीट बाजारांत मिळणार नाहीं, आणि खरी वीट लावल्यावर भिंत चित्रासारखी दिसणार नाहीं. थर मोजण्यास एक मिनिट पुरतें.

समोरून घेतलेल्या फोटोंत खोली मात्र दिसत नाहीं. छज्जा किती पुढें आला, हें केवळ त्याच्या सावलीवरून कळतें. येथें सपाट चित्र सोडून घराची त्रिमिति प्रतिकृति करावी लागते. स्केचअप ह्या २००० मध्यें निघालेल्या सॉफ्टवेअरमध्यें फोटोच्या रेषांशीं जुळवून अशी प्रतिकृति उभी करतां येते, आणि स्थळ, तारीख व वेळ सांगितली कीं त्या क्षणाची सावली पडते. ह्यांत जादू नाहीं, खगोल आहे. पुणें सुमारें साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळें मार्चच्या व सप्टेंबरच्या विषुवदिनीं मध्यान्हीं तेथें सूर्य क्षितिजापासून सुमारें ७१.५ अंश वर असतो, आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुमारें ४८ अंश. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरांचा छज्जा असेल, तर त्याची सावली विषुवदिनीं मध्यान्हीं सुमारें १.८ मीटर खालपर्यंत येते आणि डिसेंबरांत सुमारें ६७ सेंटिमीटर. म्हणजे १.२ मीटर उंचीची खिडकी उन्हाळ्याच्या आरंभीं पूर्ण झांकली जाते, आणि थंडींत तिच्या खालच्या जवळजवळ निम्म्या भागांतून ऊन आंत येतें. छज्जा तोच, पण ऋतूप्रमाणें त्याचें काम बदलतें.

पश्चिमेकडे ही युक्ति चालत नाहीं. दुपार कलल्यावर सूर्य खालीं उतरतो. तो समोरून ३० अंशांवर आला कीं त्याच ६० सेंटिमीटर छज्ज्याची सावली जेमतेम ३५ सेंटिमीटर पडते. बाकीची खिडकी तापत राहते. तेथें उभा आडोसा हवा, किंवा झाड हवें. कल्पिलेल्या घरांत पारिजातक नेमका ह्याच बाजूला आहे. तळमजल्याच्या पश्चिमेकडील खिडकीला संध्याकाळच्या उन्हांत आधार देणारें तेंच झाड सॉफ्टवेअरनें पुसून टाकलें, आणि वर मोठें तावदान बसविलें. आजीच्या मनांत तेथें फुलें असतील. पण तिचा प्रश्न उष्णतेचाहि होता.

तिचा पहिला प्रश्न नळाचा. गच्ची ८० चौरस मीटर असेल आणि एके दिवशीं ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर गच्चीवर ४,००० लिटर पाणी येतें. तें कोठें तरी उतरलें पाहिजे. चित्रांत नळ नसला, तरी पाणी असतेंच. नळ नसेल तर तें भिंतीवरून उतरेल. दगडाच्या अस्तराचाहि असाच हिशेब आहे. दोन सेंटिमीटर जाड ग्रॅनाइट प्रत्येक चौरस मीटरला सुमारें ५४ किलो भरतो. समोरची ४० चौरस मीटर भिंत मढविली, तर दोन हजार किलोंहून अधिक वजन जुन्या गिलाव्याच्या आधारावर टांगावें लागेल, आणि आंतील ओल वाळण्यास वाट राहणार नाहीं. चित्राला वजन नसतें आणि ओलहि नसते. म्हणून असें अस्तर चढविण्यापूर्वीं चित्राबरोबरच इमारतीच्या बळकटीचा अभियंताहि पाहिजे.

नातवानें वापरलें तें सॉफ्टवेअर मात्र थर रचणारें नव्हतें. २०२२ पासून सर्वत्र झालेल्या कृत्रिम बुद्धीच्या साधनांपैकीं तें एक. त्याला फोटो द्यावा, चार शब्द सांगावे, आणि तें क्षणांत नवें चित्र देतें. असें साधन अगणित चित्रांवरून शिकलेलें असतें, आणि अशा जागीं बहुधा काय दिसतें ह्याचा अंदाज करून तें चित्र भरतें. त्याला घर ठाऊक नसतें. म्हणून तें खिडकी किंचित सरकवितें, एखादा खांब गाळतें, विजेचा मीटर, पाण्याचे नळ व गटार पुसतें, आणि फरशीच्या जागीं हिरवळ पसरतें. कल्पना सुचविण्यासाठीं तें उत्तम आहे, निर्णयासाठीं नाहीं. त्याचें चित्र हातीं आलें कीं तें मूळ फोटोवर ठेवून खिडक्या, खांब, नळ, तारा आणि झाडें एक एक करून मोजावीं. जें नाहींसें झालें त्याची यादी करावी आणि प्रत्येकापुढें लिहावें : हें खरोखरच जाणार काय? त्यास किती पैसे लागतील? तें गेल्यावर त्याचें काम कोण करील?

घर एकटें उभें नसतें, हीहि गोष्ट चित्रानें दाखविली पाहिजे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील व ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको इमारतींचा समावेश २०१८ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत झाला. त्यांची शोभा एकेका इमारतींत जितकी आहे, तितकीच ओळींत आहे : सारखी उंची, गोलावलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे. अशा ओळींतील एका बिऱ्हाडानें गॅलरी कांचेनें बंद केली, तर त्या एका मजल्याच्या चित्रांत ती सुबक दिसेल. सबंध ओळीच्या चित्रांत तुटलेल्या दातासारखी दिसेल. म्हणून शेजारच्या घरांसह काढलेला फोटो हाच निर्णयाचा फोटो समजावा. अशा वारसा इमारतींना वेगळे नियम असतात. इतर ठिकाणींहि गृहनिर्माण संस्थेची संमति, आणि बांधणींत फरक होत असेल तर नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. त्या वेळीं मोजमापाचें प्रामाणिक चित्र शंभर शब्दांचें काम करतें. कंत्राटदाराशीं बोलतांनाहि तसेंच. “थोडा पुढें आलेला छज्जा” ह्या शब्दांचा अर्थ दोन माणसें दोन प्रकारें करतात. ६० सेंटिमीटर लिहिलेल्या चित्राचा अर्थ एकच होतो.

त्या कल्पिलेल्या घरांत पुढें काय व्हावें? नातवानें चित्र टाकून देऊं नये. त्यानें तीन चित्रें करावीं. पहिल्यांत घर आहे तसेंच, केवळ ओघळ धुतलेले, तडे बुजविलेले आणि नळ नीट बसविलेला. दुसऱ्यांत त्याखेरीज नवा रंग आणि लांब छज्जे. तिसऱ्यांत दगडाचें अस्तर व कांच. परंतु त्यांत नळ, मीटर, फाटकासमोरचें गटार आणि पारिजातक परत आणलेले. तिन्ही एकाच जागेवरून, एकाच प्रकाशांत, दोन्ही शेजाऱ्यांसह. प्रत्येकाखालीं खर्चाचा अंदाज लिहावा, आणि चित्रें आठ दिवस जेवणाच्या खोलींत टांगावीं. पहिल्या दिवशीं डोळे दिपविणारें चित्र आठव्या दिवशींहि तसेंच आवडतें कीं नाहीं, हें पाहावें. पुष्कळदां असें आढळतें कीं पहिल्या व दुसऱ्या चित्रांतील अंतरापेक्षां आजच्या मळलेल्या घरांत आणि पहिल्या चित्रांत अधिक अंतर आहे. घर कुरूप नव्हतें. त्याची निगा राहिली नव्हती. असें दिसून आलें, तर शिल्लक आधीं गच्चीच्या गळतीवर खर्च होईल, मग छज्ज्यांवर, आणि उरली तर रंगावर. दगड लावावयाचा तो फार तर फाटकाच्या खांबांना.

आणि काम पुरें झाल्यावर त्याच जागीं उभें राहून पुन्हां एक फोटो घ्यावा व तो चित्राशेजारीं ठेवावा. चित्रानें दिलेलें वचन घरानें कितपत पाळलें, हें त्यांत दिसेल, आणि पुढच्या वेळीं चित्रावर किती विश्वास ठेवावा हेंहि समजेल. त्या फोटोच्या एका कडेला पारिजातकाची फांदी आली, तर ती कापून काढण्याचें कारण नाहीं.